बावीस घरांचं झाकण

दिल्लीच्या मुनिरका भागातल्या डीडीए फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं, आणि मी टेबल फॅन कुणी धरावा यावरून बायकोशी वाद घालत होतो. टेम्पोवाल्याने फाळका बंद केला तेवढ्यात वरून आवाज आला, "किती नग होते?"

दिल्लीत रस्त्यावर मराठी ऐकू आलं की माणूस आधी दचकतो. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक बाई कठड्यावर कोपरं टेकून उभ्या होत्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा, आणि चेहऱ्यावर परीक्षा घेणाऱ्याचा भाव.

"एकवीस," मी म्हटलं.

"वीस उतरलेत. मी मोजलेत."

मी हसून सोडून देणार होतो. मेघाने मला कोपर मारलं आणि मी टेम्पोमागे धावलो. कोपऱ्यावरच्या गर्दीत तो सापडला. ड्रायव्हरच्या सीटमागे मेघाचं शिवणाचं मशीन आरामात बसलं होतं. ते गेलं असतं तर आमच्या संसाराचं काय झालं असतं याचा मी आजही विचार करत नाही.

परत आलो तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. आम्ही मराठी आहोत हे कसं कळलं, असं मी विचारलं. "बायकोवर ओरडलास ना मराठीत," त्या म्हणाल्या. "अख्ख्या ब्लॉकला कळलं."

या एस्तेर साळवे. माहेर नगरचं, नोकरी सगळी दिल्लीत. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून त्यांनी तीसेक वर्षं काढली आणि निवृत्त झाल्या. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सुहास मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो आणि तिथेच जवळ राहतो. अख्खा ब्लॉक त्यांना सिस्टर म्हणायचा, आम्ही दोघं मावशी म्हणायचो. त्या मला नुसतं 'पाठक' म्हणायच्या, आणि तेही अरे-तुरे करत. मंत्रालयात मला पाच-सहा माणसं सर म्हणतात, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

मावशी सगळं मोजायच्या. जिन्याच्या पायऱ्या, धोब्याकडे गेलेल्या चादरी, बशीत दिलेल्या बिस्किटांपैकी पाहुण्याने किती खाल्ली ते. ही खोड थिएटरमधली. पोट शिवण्याआधी आत काही राहिलं नाही ना, म्हणून सगळी हत्यारं आणि गॉजचे तुकडे मोजायचे असतात. आणि मोजायचे दोघांनी. एकाने मोजायचं, मग दुसऱ्याने आपलं आपण मोजायचं, आणि पहिल्याचा आकडा त्याला आधी सांगायचा नाही. "एकाने मोजलं म्हणजे मोजलंच नाही," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. भाजी आणायला गेलेल्या मला ते फोनवरही ऐकावं लागे.

एकदा एक फार मोठे सर्जन टाके घालायला निघाले आणि मावशींच्या मोजणीत एक गॉज कमी भरला. साहेबांना घाई होती. ते ओरडले, इंग्रजीत ओरडले, मग हिंदीत ओरडले. मावशी सुईचं पात्र छातीशी धरून उभ्या राहिल्या. "सर, काउंट पूरा नहीं है. मैं नहीं दूंगी." सगळ्या थिएटरच्या तोंडचं पाणी पळालं. पोटात शोधलं, बादलीत शोधलं, टेबलाखाली शोधलं. शेवटी गॉज सापडला तो साहेबांच्याच चपलेच्या तळाला चिकटलेला.

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"थँक यू म्हणाले. पण पुढे सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की ते सहा महिने त्यांच्या नोकरीतले सर्वांत सुखाचे असावेत.

निवृत्तीनंतर या मोजणीला करायला काहीतरी हवं होतं. कॅनडाला गेलेल्या एका जुन्या नर्स मैत्रिणीने त्यांना प्लास्टिकची जाळी आणून दिली. कडक, पारदर्शक, चौकोनी भोकांची. त्या भोकांना मावशी घरं म्हणायच्या. कात्रीने हवी तेवढी कापायची, बोथट सुईत लोकर ओवायची आणि एकेका घरातून टाके घालत सगळी जाळी भरून काढायची. मग ते तुकडे कडेने जोडले की डबा तयार. मैत्रिणीची जाळी संपल्यावर मावशींनी सदर बाजार पालथा घातला आणि एका गल्लीत तीच जाळी शोधून काढली.

"स्वेटर का नाही विणत?" मेघाने एकदा विचारलं होतं.

"स्वेटर लहान होतो, अगं. मूल वाढतं. डबा आहे तेवढाच राहतो."

ब्लॉकमध्ये बाळ झालं की डबा, कुणाचं लग्न ठरलं की डबा. दर शनिवारी दुपारी मुनिरका गावात खोल्या घेऊन राहणाऱ्या तीन-चार विद्यार्थिनी त्यांच्याकडे यायच्या. एक मणिपूरची, एक बिहारची, बाकीच्या बदलत राहायच्या. जगाच्या राजकारणावर प्रबंध लिहिणाऱ्या या मुली जमिनीवर मांडी घालून लोकर ओवत बसायच्या आणि मावशी मधून फिरत म्हणायच्या, "गिनो बेटा, गिनो. पीएचडी बाद में."

मीही एकदा अडकलो. वाटी परत द्यायला गेलो होतो. "बस," मावशी म्हणाल्या, "हात रिकामे दिसतायत." दोन शनिवार खपून मी चहाच्या कपाखाली ठेवायचा एक चौकोन केला. मुलींनी तो पाहून तोंडाला ओढण्या लावल्या. मावशींनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "पाठक, याला पाच बाजू कशा आल्या रे?"

पण त्या बैठकीत मला झाकणाचं गुपित कळलं. डबा वीस घरांचा असेल तर त्याच्यावरून उतरणारं झाकण बावीस घरांचं कापायचं. नवशिकी माणसं दोन्ही वीसच कापतात, कारण कागदावर ते बरोबर दिसतं. पण कडेला गुंडाळलेली लोकर जागा खाते. दोन घरं जास्त दिली तर झाकण अलगद बसतं आणि एका हाताने उघडतं. "मापात थोडी माया ठेवायची," मावशी म्हणायच्या, "पण मोजून."

मावशींची आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांची टोपली. रोज सकाळी साडेआठला भाजीवाला रामअवतार खाली ठेला लावायचा, हाक मारायचा, आणि वरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची. टोपलीत चिठ्ठी. त्यात टोमॅटो किलोत नाही, नगात. रामअवतारने सहा दिले की वरून आवाज यायचा, "सात लिखा है." बिचारा ठेला घेऊन शेजारच्या ब्लॉकला जाऊ शकत होता. कधी गेला नाही.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी टोपली आली नाही. रामअवतारने तीन हाका मारल्या आणि मग सरळ आमच्या घराची घंटा वाजवली. "साहब, सिस्टर की टोकरी नहीं आई." एवढंच म्हणाला. आमच्याकडे त्यांची जादा किल्ली असायची. आम्ही दार उघडलं तेव्हा मावशी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. मला पाहून त्या जडपणे काहीतरी म्हणाल्या. मी कान लावला.

"आठ... दहा. लिहून ठेव."

आठ वाजून दहा मिनिटांनी हात गेला, ही वेळ डॉक्टर विचारतील, हे त्यांना त्या अवस्थेतही ठाऊक होतं. डॉक्टरांनी खरंच पहिलं तेच विचारलं. वेळेत औषध मिळालं आणि मावशी वाचल्या. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं. पाय चालायला लागला. उजवा हात मात्र येईना, आणि उजव्या बाजूचं थोडं कमीच दिसायला लागलं.

सुहास रोज मानेसरहून यायचा. चांगला मुलगा, पण काळजीने माणूस कसा हुकूमशहा होतो ते मी त्याच्यात पाहिलं. त्याचं ठरलं होतं. "आई, आता एकटं राहणं बस झालं. चलो, माझ्याकडे. लिफ्ट आहे, गार्ड आहे, चोवीस तास पाणी आहे."

"कितवा मजला?"

"चौदावा. तुला माहितीये."

"चौदाव्या मजल्यावरून टोपली सोडता येते का रे?"

सुहास चिडला. टोपली काय घेऊन बसलीस, म्हणाला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्या टोपलीमुळे मी आहे. तुझ्या गार्डला माझी टोपली आली नाही हे कधी कळलं असतं?" मग म्हणाल्या, "नाताळपर्यंत थांब. मी या हाताने एक डबा करते. झाकणासकट. झाला तर मी इथे. नाही झाला तर तू म्हणशील तिथे येते, तोंडातून शब्द काढणार नाही."

सुहासने त्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मला वाटतं, त्याला ते पोरखेळ वाटलं असावं. तरी तो हो म्हणाला. "पण झाकण बसलं पाहिजे. आमच्याकडे फिटिंग न बसलेला पार्ट रिजेक्ट होतो."

पुढचे सहा महिने मी रोज ऑफिसातून आलो की वर डोकावायचो. जाळी कडक असते, हातातून गळत नाही. सुई बोथट असते, टोचत नाही. भोकं मोठी असतात. कमजोर हाताला याहून सोयीचं काही नसेल. तरी पहिल्या दिवशी त्यांनी पाऊण तासात एक टाका घातला. डाव्या हाताने उजव्याची बोटं सुईवर दाबून धरायची, मग डावा हात काढून घ्यायचा, मग सुई पडायची. सुई किती वेळा पडली तेही त्या मोजत होत्या. पावसाळा संपला तेव्हा रोज एक ओळ व्हायला लागली. दिवाळीच्या सुमाराला डब्याच्या चारही बाजू उभ्या राहिल्या, मोरपिशी रंगाच्या, मधे पिवळी नक्षी. टाके कुठे घट्ट, कुठे सैल. मी म्हटलं, "मावशी, फार सुंदर झालंय." त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीसारखं झालंय." पण डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही होतं.

मग डिसेंबर आला, संसदेचं अधिवेशन आलं, आणि माझ्या हातून ते घडलं. एका सकाळी मी फोन कानाला लावून एका प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा साहेबांना वाचून दाखवत होतो. मावशी एकेक पायरी उतरत खाली आल्या आणि झाकणासाठी कापलेली जाळी त्यांनी माझ्यासमोर धरली.

"पाठक, मोज. चारही बाजू."

मी जाळीकडे पाहिलं. पारदर्शक जाळीतून मला माझ्याच फाइली दिसत होत्या. झाकण बावीस घरांचं असतं हे मला पाठ होतं. "बावीस," मी म्हटलं, "सगळीकडे बावीस. करेक्ट." आणि परत फोनवर बोलू लागलो. हाताखालच्याने तपासलं असेल असं धरून मी आजवर अशा किती टिपणांवर सही ठोकली असेल ते देव जाणे. त्या दिवशी मी जाळीवर सही केली.

नाताळच्या दिवशी मावशी चर्चमधून आल्या. करंज्या आणि शंकरपाळे मेघाने त्यांच्या देखरेखीखाली तळले होते. मणिपूरची मुलगी आली होती, रामअवतार एक करंजी खाऊन दुसरी खिशात घालून गेला होता. सुहास आला. मी खाली त्याच्या गाडीत घडी केलेल्या खोक्यांचा गठ्ठा पाहिला. कारखान्याची भक्कम खोकी. पैजेचा निकाल त्याने धरूनच ठेवला होता.

मावशींनी डबा टेबलावर ठेवला. मोरपिशी, पिवळ्या नक्षीचा, झाकणावर मधोमध लाकडी मणी. सुहास बघतच राहिला. "आई, हे उजव्या हाताने?" मावशींनी उजव्या हाताने झाकण उचललं, डब्यावर ठेवलं आणि दाबलं. ते एका बाजूने बसलं, दुसऱ्या बाजूने अडकलं. पुन्हा दाबलं. जाळी वाकली, पण झाकण बसेना.

 मावशींनी झाकण चष्म्याजवळ नेलं आणि नखाने कडेची घरं मोजायला सुरुवात केली. शेवटी म्हणाल्या, "एकवीस. या बाजूला एकवीस आहेत." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "सुहास, खोकी वर आण. काउंट चुकला म्हणजे चुकला."

मला मूग गिळून गप्प बसता आलं असतं. बाईंना उजवीकडचं कमी दिसतं, चूक त्यांच्याच खात्यात गेली असती. पण मेघा माझ्याकडे पाहत होती, आणि ते शिवणाचं मशीन मला आठवलं. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "मावशींनी मला मोजायला दिलं होतं. मी मोजलं नाही. नुसतं बावीस म्हटलं."

मावशींनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्या सर्जनकडेसुद्धा पाहिलं नसेल. "न मोजता?"

"न मोजता."

"पेशंट मेला असता, पाठक."

मी मान खाली घातली. त्यांचं घर माझ्यामुळे जाणार होतं आणि मला धड माफीही मागता येत नव्हती. तेवढ्यात सुहास खुर्ची ओढून टेबलाशी बसला. त्याने झाकण घेतलं आणि स्वतः मोजलं. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. मग म्हणाला, "आई, दुसरा काउंट झालाच नव्हता."

"मग?"

"मग रिजेक्ट करता येत नाही. आमच्याकडे अशा पार्टला होल्डवर ठेवतात. दुरुस्त करायचा आणि पुन्हा तपासायचा. तूच शिकवलंयस ना, एकाने मोजलं म्हणजे मोजलंच नाही." आणि त्याने बाही वर सारली. "जाळी कुठे ठेवतेस?"

सुहास त्या रात्री परत गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कामावर सुट्टी टाकून तो जुन्या घरात दोन दिवस राहिला. मावशींनी झाकणाची चुकलेली बाजू उसवून तेवढीच नवी जाळी कापली आणि उजव्या हाताने ती भरायला घेतली. त्या एक बाजू मोजायच्या आणि आकडा गिळून बसायच्या, मग सुहास मोजायचा, मग दोघं एकदम म्हणायचे, "बावीस!" सकाळी साडेआठला रामअवतारने हाक मारली, टोपली डाव्या हाताने खाली गेली, आणि वरून आवाज गेला, "सात लिखा है!" सुहास बाल्कनीत दात घासत ते पाहत होता. रस्त्यावरून तिघांनी त्याच्या आईची चौकशी केली. मणिपूरची मुलगी तिच्या पुस्तकांसकट येऊन बसली आणि कुणी न सांगता चहा ठेवायला उठली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला वर बोलावणं आलं. मावशींनी झाकण डब्यावर ठेवलं. दाबावंही लागलं नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी मणी धरून त्यांनी ते उचललं, परत ठेवलं, परत उचललं. माझा जीव भांड्यात पडला. सुहासने डबा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ओके. पास." मग त्याने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मावशी त्याच्या पाठीवर थोपटू लागल्या. उजव्या हाताने, एकदा, दोनदा. मोजत असणार.

जाताना त्याने खोकी नेली नाहीत. "पाठक काका, तुमच्याकडे ठेवा, कामाला येतील," म्हणाला. आता तो दर रविवारी येतो, आणि रोज सकाळी नऊला त्याचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज टोमॅटो किती?"

खोकी खरंच कामाला आली. मार्चमध्ये माझी नागपूरला बदली झाली. मावशींना न्यायला आलेल्या त्या खोक्यांतून आमचाच संसार निघाला. टेम्पो खाली उभा होता. सामान चढलं. मी मोजलं, मग मेघाने मोजलं. मी तिला माझा आकडा आधी सांगितला नाही.

बाल्कनीत मावशी उभ्या होत्या. कठड्यावर कोपरं टेकून, पहिल्या दिवशीसारख्या.

"किती नग, पाठक?"

"एकोणतीस. दोघांनी मोजलेत."

"चूक. तीस."

 मी पुन्हा टेम्पोत डोकावलो, सीटमागेही पाहिलं. शिवणाचं मशीन जागेवर होतं. मग मेघाने वर बोट दाखवलं. दोरी सुटत होती आणि टोपली हळूहळू खाली येत होती. ती माझ्या छातीशी येऊन थांबली. आत मोरपिशी डबा होता, त्यावर बावीस घरांचं झाकण.

मी डबा काढून घेतला. वर पाहिलं, तर मावशींचा डावा हात कठड्यावर होता. दोरी उजव्या हातात होती, मनगटाला एक वेढा देऊन. टोपली रिकामी झाल्याचं त्यांना कळलं आणि त्या ती वर ओढू लागल्या, हातभर दोरी ओढायच्या, थांबायच्या, परत ओढायच्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. टोपली कठड्यापर्यंत पोचेतो मी तिथून हललो नाही.